‘खाणे’ या क्रियापदाचे बोलव्यवहारातील अर्थ : एक भाषिक विवेचन

प्रस्तावना

प्रथम वर्ष कला शाखेच्या एका उत्तरपत्रिकेत पुढील वाक्य आढळले : ‘व्यवस्थापकाने संस्थेचे पैसे खाल्ले, म्हणून नायक गाव सोडतो.’ प्रस्तुत लेखिकेने सवयीनुसार ‘पैसे खाल्ले’ या शब्दांखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात ‘अपहार केला’ असे लिहिले. उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर त्या विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, दोन्हींत फरक काय?” औपचारिक आणि अनौपचारिक भाषा असे ठराविक उत्तर त्यास दिले गेले, परंतु त्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही आणि खरे पाहता लेखिकेचेही झाले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

नित्य वापरातील साधे क्रियापद बोलव्यवहारात मूळ अर्थ सोडून किती दूर जाते, हे पाहण्यासाठी मराठीत ‘मारणे’, ‘लावणे’, ‘काढणे’, ‘घेणे’ अशी अनेक उदाहरणे घेता येतील. थापा मारणे, दांडी मारणे, वाट लावणे, काडी लावणे ही त्यांची परिचित रूपे होत. तथापि ‘खाणे’ हे क्रियापद येथे हेतुपुरस्सर निवडले आहे. बालकास सर्वप्रथम कळणाऱ्या क्रियापदांपैकी ते एक आहे आणि सार्वजनिक जीवनातील गंभीर आरोपही आपण त्याच क्रियापदाने करतो. एम.फिल.च्या प्रबंधिकेच्या निमित्ताने रत्नागिरी परिसरात, विशेषतः एस.टी. स्थानकावर, मासळीबाजारात आणि महाविद्यालयाच्या आवारात कानी पडलेले प्रयोग लेखिकेने टिपून ठेवले होते. त्या वहीचा आधार या विवेचनास आहे.

मूळ अर्थ आणि लक्षणा

संस्कृत ‘खाद्’ या धातूपासून प्राकृत ‘खा’ आणि त्यापासून मराठी ‘खाणे’ ही परंपरा सर्वपरिचित आहे. कोकणातील जत्रांत विकले जाणारे ‘खाजे’ हेही याच कुळातले. संस्कृत ‘खाद्य’, प्राकृत ‘खज्ज’ आणि त्यावरून ‘खाजे’. मूळ अर्थी ‘खाणे’ हे शुद्ध सकर्मक क्रियापद आहे. भूतकाळात ते कर्मानुसार चालते : त्याने आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, पोहे खाल्ले. लाक्षणिक प्रयोगांतही हे व्याकरण तसेच टिकून राहते. त्याने भाव खाल्ला, त्याने बोलणी खाल्ली, त्याने पैसे खाल्ले. अर्थ बदलला तरी कर्मणी प्रयोगाची घडी मोडत नाही.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्य अर्थाला बाध येणे, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध असणे आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एकाचा आधार असणे. ‘पैसे खाल्ले’ या प्रयोगास त्या सहज लागू पडतात. नाणी आणि नोटा भक्ष्य नव्हेत, हा बाध. खाल्लेली वस्तू आपल्या रूपात पुन्हा दिसत नाही व परत करता येत नाही, हा संबंध. उरते ती रूढी. मात्र रूढ झालेल्या लक्षणेचे वैशिष्ट्य असे की ऐकणाऱ्यास बाध जाणवेनासा होतो. ‘तलाठ्याने पैसे खाल्ले’ हे ऐकताना नोटा चावणारा मनुष्य कोणाच्याही डोळ्यांसमोर उभा राहत नाही. उलट ‘त्याने सगळे फुटेज खाल्ले’ हा अलीकडचा प्रयोग वडीलधाऱ्यांनी प्रथम ऐकला की ते क्षणभर थांबतात. तो बाध अजून ताजा आहे.

जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली ‘मेटाफर्स वुई लिव्ह बाय’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की रूपक हा केवळ काव्याचा अलंकार नसून नेहमीच्या विचारप्रक्रियेचा सांगाडा आहे. आपल्याकडील काव्यशास्त्राने रूढिलक्षणा मान्य करून या विचाराची एक बाजू फार पूर्वीच ओळखली होती, असे म्हणण्यास हरकत नसावी.

खाणारा आणि सोसणारा

‘खाणे’च्या लाक्षणिक प्रयोगांचे ढोबळमानाने दोन वर्ग दिसतात. पहिल्यात कर्ता हा खरोखरच कर्ता असतो. तो दुसऱ्याची वस्तू संपवतो. डोके खाणे, वेळ खाणे, जागा खाणे, पैसे खाणे. कर्ता सजीव असलाच पाहिजे असेही नाही : लोखंड गंज खातो, लाकूड वाळवी खाते, समुद्र किनारा खातो, जुनी मोटार पेट्रोल खाते आणि आता भ्रमणध्वनीतील एखादे ॲप बॅटरी खाते. (‘लोखंड गंज खातो’ या वाक्यात खातो कोण आणि खाल्ले जाते कोण, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. तास संपतो, चर्चा संपत नाही.) नमन-खेळ्यांच्या तालमीत एखादा नट वाक्याचा शेवट गिळतो, तेव्हा ‘शब्द खाऊ नको’ असे त्यास बजावले जाते, भजनात मृदंगवाला मात्रा खातो.

दुसऱ्या वर्गात कर्ता केवळ व्याकरणापुरता असतो. मार खाणे, आपटी खाणे, हेलकावे खाणे, गटांगळ्या खाणे, बोलणी खाणे, हाय खाणे. येथे कर्ता काहीही करीत नाही. त्याच्यावर काही तरी गुदरते. दोन्ही वर्गांतील भेद तपासण्याची सोपी कसोटी म्हणजे कर्मकर्तरी रचना. ‘संस्थेचे पैसे खाल्ले गेले’ हे वाक्य मराठी कानास खटकत नाही. ‘मार खाल्ला गेला’ हे मात्र कोणी म्हणणार नाही. ‘मुद्दाम’ हे क्रियाविशेषण जोडूनही हाच भेद दिसतो : मुद्दाम वेळ खाल्ला, हे ठीक, मुद्दाम हेलकावे खाल्ले, हे विपरीत.

हा दुसरा वर्ग आला कोठून? फारसी भाषेत ‘खुर्दन’ म्हणजे खाणे, आणि त्या क्रियापदाने नामाला जोडून असंख्य संयुक्त क्रियापदे घडवली आहेत. तेथे शोक ‘खातात’, शपथ ‘खातात’, पराभव ‘खातात’, हवाही ‘खातात’. हिंदी-उर्दूत ‘गम खाना’, ‘कसम खाना’, ‘हवा खाना’ ही रूपे या साच्यावरून आली, आणि मराठीतील ‘गम खाणे’ व ‘हवा खाणे’ यांचे नातेही तेथेच पोहोचते. ‘खार खाणे’ हा प्रयोग तर विशेष पाहण्यासारखा आहे. आपल्याला त्यात मीठ दिसते. पण फारसीत ‘खार’ म्हणजे काटा. मनात सलणारा काटा बाळगणे, हा त्याचा मूळ आशय. पीटर हुक आणि प्रशांत परदेशी यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, जॉन न्यूमन संपादित ग्रंथातील आपल्या लेखात अशा ‘खाणे’-प्रयोगांच्या अर्थविकासाचा मागोवा घेतला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

तरीही सर्व श्रेय फारसीला देणे लेखिकेस मान्य नाही. पहिले कारण असे की मराठीने हा साचा सरसकट उचललेला नाही. हिंदी भाषक शपथ खातो, मराठी भाषक ती घेतो किंवा वाहतो. हिंदीत दया ‘खातात’, मराठीत ती येते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. संस्कृत ‘भुज्’ या धातूत खाणे आणि अनुभवणे हे दोन्ही अर्थ प्रारंभापासून नांदत आहेत. ‘भोजन’, ‘उपभोग’ आणि मराठीतील ‘भोगणे’ ही एकाच घरची मंडळी. कर्माचे फळ भोगणारा आणि पंचपक्वान्नांचा भोग घेणारा यांना भाषेने एका पंक्तीस बसवले आहे. सातबाराच्या उताऱ्यावरील ‘भोगवटादार’ हा शब्दही त्याच धातूचा. तेव्हा सोसण्यास खाणे म्हणण्याची भूमी येथे तयारच होती. फारसीने तीत काही नवी रोपे लावली, एवढेच म्हणणे सयुक्तिक ठरेल.

या संदर्भात रत्नागिरीचा उल्लेख अपरिहार्य आहे. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचा महत्त्वाचा भाग याच काळातला. त्याच सुमारास, १९२५ साली, मा. त्रिं. पटवर्धन यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध झाला. भाषाशुद्धीने परकीय शब्द हेरले आणि त्यांस पर्याय दिले. त्यांतील कित्येक आज आपण नकळत वापरतो. परंतु ‘हवा खाणे’ यातील ‘खाणे’ हा शब्द अस्सल देशी आहे. परकीय आहे ती दोन शब्दांची सोयरीक. शब्द वेचून काढता येतात, साचा वेचता येत नाही. आपल्या भाषेतील फारसीचा हिशेब मांडताना केवळ शब्दांची मोजदाद पुरेशी नाही, ही गोष्ट या एका क्रियापदावरून स्पष्ट होते.

न उच्चारलेले कर्म

येथवर पाहिलेल्या सर्व प्रयोगांत कर्म उच्चारलेले होते. बोलव्यवहारातील खरी गंमत, आणि धोकाही, कर्म गाळले जाते तेथे सुरू होतो.

‘तो पितो’ असे म्हटले की पाणी किंवा ताक कोणाच्या मनात येत नाही. ‘तो घेतो’ याचाही अर्थ तोच होतो. ज्या वस्तूचे नाव घेणे संकोचाचे, ती गाळायची आणि केवळ क्रिया सांगायची, ही मराठी बोलण्याची एक जुनी रीत आहे. कर्माची जागा मोकळी राहिली की समाज त्या जागी नेमकी तीच वस्तू ठेवतो, जिच्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही.

कोकणात ‘खाणे’ या क्रियापदाला असे दोन अनुच्चारित अर्थ आहेत. पहिला निरुपद्रवी आहे. पाहुणे येणार असले की यजमानीण विचारते, “तुमच्याकडे खातात ना?” प्रश्न मासळी-मटणाचा असतो. ‘आम्ही खात नाही’, ‘गुरुवारी खात नाही’, ‘ते खाणारे आहेत’ ही वाक्ये रत्नागिरीत वाढलेल्या कोणासही उलगडून सांगावी लागत नाहीत. परगावाहून आलेल्या एका सहकारी प्राध्यापकांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात घरमालकिणीच्या ‘तुम्ही खाता का?’ या प्रश्नास ‘हो, दोन वेळा’ असे उत्तर दिले होते. त्या दिवशी त्यांच्या ताटात सुरमई आली. ते शाकाहारी होते.

दुसरा अर्थ कार्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा आहे. “साहेब खातात का?” हा प्रश्न साहेबांच्या आहारासंबंधी नसतो. क्रियापद तेच, काळ तोच, रचना तीच; पण घरातून कचेरीत जाताच गाळलेले कर्म बदलते. व्याकरणात कर्मलोपाचा विचार होतो तो बहुधा ‘मी जेवताना वाचतो’ अशा निरागस वाक्यांच्या आधारे. सामाजिक कर्मलोपाचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

या लोपाचे मोल काय, हे लेखिकेने घरातच पाहिले आहे. लेखिकेचे वडील काही वर्षे गावच्या शिमगोत्सवाचा जमाखर्च ठेवीत. एका वर्षी हिशेबात अकराशे चाळीस रुपयांची तूट निघाली. सभेत कोणी आरोप केला नाही. उठून जाताना कोणी तरी सहज म्हटले, “खाल्ले असतील.” वाक्य एवढेच. कोणी खाल्ले, काय खाल्ले, याचा उच्चार नव्हता, आणि ‘असतील’ या रूपाने निश्चयार्थही टाळला होता. वडिलांनी खुलासा करावा तर कशाचा? ‘मी पैसे खाल्ले नाहीत’ असे म्हणावे, तर पैशांचे नाव कोणी घेतलेच नव्हते. ते घेणारा पहिला मनुष्य तेच ठरले असते. पुढे आठ-नऊ महिन्यांनी मंडपवाल्याची पावती मागील वर्षाच्या वहीत चिकटलेली सापडली, तूट भरून निघाली आणि वहीवर तशी नोंदही झाली. परंतु ते वाक्य मागे घेण्यास कोणी आले नाही. मागे घ्यावे असे त्यात काही उच्चारलेलेच नव्हते. पुढच्या वर्षी वडिलांनी वही दुसऱ्याकडे दिली. ‘मेळ खातो’ हा जमाखर्चातला आवडता शब्दप्रयोग त्यानंतर त्यांनी वापरल्याचे लेखिकेस आठवत नाही. ‘मेळ बसतो’ असे ते म्हणू लागले.

प्रस्तुत उदाहरण वैयक्तिक असले तरी त्यातील भाषिक यंत्रणा सार्वत्रिक आहे. विधान पूर्ण असेल तर ते खोडता येते. कर्ता, कर्म आणि निश्चय हे तिन्ही गाळलेले विधान खोडण्यास जागाच देत नाही. भारतीय न्याय संहितेतील कलम ३५६ बदनामीची व्याख्या करताना दोषारोपाचे प्रकाशन हा आधार मानते. पण केवळ क्रियापदाने केलेल्या दोषारोपाची जुळणी ऐकणाऱ्याच्या मनात होते, आणि तेथे साक्षीदार नेता येत नाही.

पैसे : पोटातील प्रवास

‘पैसे खाणे’ हा प्रयोग एकटा नाही. त्याच्याभोवती संपूर्ण पचनसंस्था उभी राहिली आहे. कोणी पैसे चारतो, कोणी खातो. एखादा भूखंड बिल्डरच्या घशात घातला जातो. खाल्लेले पचते किंवा पचत नाही. पक्का मनुष्य खाऊन ढेकरही देत नाही. चौकशी लागली की खाल्लेले ओकावे लागते. योजनेत ‘मलिदा’ असतो, टेबलाखालून ‘चहापाणी’ होते. अधिकाराचे पद हे ‘कुरण’ ठरते. ‘चारणे’ हे ‘चरणे’चे प्रयोजक रूप असल्यामुळे लाच देणारा लाच घेणाऱ्यास जनावरांच्या पंगतीत बसवतो, हे त्याच्या ध्यानात येवो न येवो. १९९६ साली बिहारमधील पशुसंवर्धन खात्याचा चारा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा ‘चारा खाल्ला’ या शब्दांतील वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ एकमेकांत असे मिसळले की व्यंगचित्रकारांना वेगळी कल्पना लढवावी लागली नाही. आणि या संपूर्ण कोशातील सर्वांत तिखट प्रयोग, मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे, तो तर मराठी माणसाने अगदी अखेरच्या संतापासाठी राखून ठेवला आहे.

ही कल्पना प्राचीन आहे. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणात उधळ्यांचे प्रकार सांगताना वडिलोपार्जित धन अन्यायाने संपविणाऱ्यास ‘मूलहर’ आणि मिळेल ते तेव्हाच्या तेव्हा संपविणाऱ्यास ‘तादात्विक’ म्हटले आहे. आणि दोहोंसाठी त्याने वापरलेला धातू ‘भक्ष्’ आहे, म्हणजेच खाणे. ती केवळ भारतीय आहे असेही नव्हे. स्वाहिली भाषेत लाच घेण्यास ‘कुला रुश्वा’ म्हणतात. ‘कुला’ म्हणजे खाणे. फ्रेंच अभ्यासक झाँ-फ्रांस्वा बायार यांनी १९८९ साली आफ्रिकेतील राज्यसंस्थेवरील आपल्या ग्रंथात ‘पोटाचे राजकारण’ ही संज्ञा वापरली, तर मिकेला रॉंग यांच्या केनियातील भ्रष्टाचारावरील २००९ च्या पुस्तकाच्या शीर्षकाचा आशयच ‘आता खाण्याची पाळी आमची’ असा आहे. रत्नागिरीच्या तहसील कचेरीबाहेरील माणसाला त्या शीर्षकाचे भाषांतर लागणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘पैसे खाल्ले’ हे अनौपचारिक आणि ‘लाचखोरी’ व ‘अपहार’ हे औपचारिक, असे आपण शिकवतो. पण ‘लाचखोर’ या शब्दातील ‘खोर’ हा फारसी प्रत्यय ‘खुर्दन’ याच क्रियापदाचा आहे. त्याचा अर्थ खाणारा. हरामखोर, नफेखोर यांतही तोच. पुढे मराठीत या प्रत्ययाचा मूळ अर्थ झिजला आणि त्यास केवळ ‘सवय असलेला’ किंवा ‘तसे करणारा’ इतकाच अर्थ राहिला. म्हणून तर भांडखोर, चिडखोर, दिवाळखोर असे शब्द घडू शकले. दिवाळे कोणी खात नाही. हिंदीतील ‘घूसखोर’ म्हणजे लाच खाणारा आणि मराठीतील ‘घुसखोर’ म्हणजे बेकायदा शिरलेला, ही गफलतही त्यातूनच होते. तात्पर्य, वृत्तपत्राच्या मथळ्यात आपण ज्यास ‘लाचखोर अधिकारी’ असे प्रतिष्ठितपणे म्हणतो, ते चहाच्या टपरीवरील ‘खाणारा साहेब’ याचे फारसी रूपांतर आहे. ‘अपहार’ची कथाही रंजक आहे. ‘हृ’ या धातूस ‘अप’ उपसर्ग लागून ‘अपहार’ झाला, आणि ‘आ’ उपसर्ग लागून ‘आहार’. तांबडी रेघ ओढून लेखिकेने त्या विद्यार्थ्यास ताटावरून उठवले खरे, पण शेजारच्याच पाटावर बसवले.

मग फरक कशात आहे? शब्दाच्या प्रतिष्ठेत नाही, तर नेमकेपणात. ‘पैसे खाल्ले’ हा प्रयोग दोन वेगळ्या गुन्ह्यांना एकच नाव देतो. काम करून देण्यासाठी दुसऱ्याकडून रक्कम घेणारा लोकसेवक पैसे खातो आणि विश्वासाने हाती दिलेली संस्थेची रक्कम स्वतःसाठी वापरणारा खजिनदारही पैसेच खातो. कायद्याच्या दृष्टीने पहिला भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ खाली येतो, ज्याच्या कलम ७ मध्ये २०१८ च्या दुरुस्तीनंतर ‘अनुचित लाभ’ ही संकल्पना आली आहे. दुसरा फौजदारीपात्र न्यासभंगाचा गुन्हा होय. तो १ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ ते ४०९ मध्ये होता व त्या दिवसापासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. पहिल्यात देणारा कोणी तरी असतो आणि बहुधा कामही झालेले असते. दुसऱ्यात देणारा नसतोच.

याहून सूक्ष्म भेद क्रियेच्या टप्प्यांचा आहे. खाणे ही बोलणाऱ्याच्या दृष्टीने पूर्ण झालेली, पोटात गेलेली गोष्ट आहे. कायदा पोटात पाहत नाही. तो हाताकडे पाहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी दिलेल्या निकालात लाचेची मागणी आणि तिचा स्वीकार या दोन्ही बाबी सिद्ध होणे अनिवार्य मानले. मात्र तक्रारदार मृत झाला किंवा फितूर झाला, तर त्या परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही सिद्ध होऊ शकतात, असेही स्पष्ट केले. ‘मागितले’ आणि ‘घेतले’ ही दोन क्रियापदे न्यायालयास हवी असतात. महाराष्ट्राच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करणारा नागरिक मात्र घरून निघताना ‘तो खातो’ एवढेच वाक्य घेऊन निघतो. केव्हा, कोठे, कोणत्या शब्दांत मागणी झाली, हे विचारले की तो गोंधळतो, कारण त्याच्या क्रियापदात मागणी नाही आणि स्वीकारही नाही. दोन्ही पार पडून गेल्यानंतरचा घास आहे. कित्येकदा मागणीच्या वेळी उच्चारलेले शब्दही ‘साहेबांचे बघा जरा’ असे कर्महीन असतात. उभय पक्षी कर्म गाळण्याचा हा करार फार मजबूत आहे.

भाव आणि फुटेज

महाविद्यालयीन बोलीत सर्वाधिक ऐकू येणारा प्रयोग ‘भाव खाणे’ हा होय. स्वतःस दुर्मीळ करून दुसऱ्यास ताटकळत ठेवणे, हा त्याचा आशय. ‘भाव’ म्हणजे भावना अशी काही विद्यार्थ्यांची समजूत आहे. ती बरोबर नाही. हा बाजारातला भाव आहे. हंगामाच्या प्रारंभी रत्नागिरीचा हापूस वाशीच्या बाजारात ‘भाव खातो’, म्हणजे आवक कमी असल्याने त्याच्या पेटीला चढी किंमत मिळते. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही या भावाचीच काळजी होती. मालाविषयी बोलताना या प्रयोगात निंदा नाही, उलट बागायतदाराचा आनंद आहे. तोच प्रयोग माणसाला लागू झाला की निंदा येते. आवक कमी ठेवून किंमत वाढविणे फळाला शोभते, मित्राला शोभत नाही, असा बोलीचा न्याय दिसतो. ‘भाव न देणे’, ‘भाव मिळणे’ ही त्याचीच पुढील रूपे.

‘फुटेज खाणे’ हा प्रयोग चित्रपट-दूरदर्शनच्या व्यवसायातून आला आहे. पडद्यावरील लांबी मर्यादित. एकाने अधिक व्यापली तर दुसऱ्याची गेली. आता स्नेहसंमेलनात निवेदक लांबला तरी प्रेक्षकांतून ‘फुटेज खातोय’ अशी आरोळी येते. येथे क्रियापदाचे काम पाहण्यासारखे आहे. इंग्रजी नाम जसेच्या तसे आले, पण त्यास मराठीत वागवण्याची जबाबदारी ‘खाणे’ने घेतली. ज्यांचा साठा ठराविक आणि वाटेकरी अनेक, अशा वस्तूंची नामे या क्रियापदास विशेष मानवतात : वेळ, जागा, पैसे, फुटेज, डेटा. विपुल वस्तूंना ते लागत नाही. चांदणे कोणी खात नाही. हवा मात्र खातात, आणि ती फारसीची देणगी आहे हे वर आलेच आहे.

कोशांची स्थिती येथे थोडक्यात नमूद करावी लागेल. मोल्सवर्थच्या १८३१ च्या आणि सुधारलेल्या १८५७ च्या कोशापासून दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत (१९३२-३८) आणि त्यांच्याच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’पर्यंत (१९४२, १९४७) मराठी वाक्प्रचारांची नोंद मोठ्या कष्टाने झाली आहे. परंतु असा वाक्प्रचार पुष्कळदा नामाखाली शोधावा लागतो. ‘भाव खाणे’ पाहायचे तर ‘भाव’ उघडावा. त्यामुळे एका क्रियापदाभोवती जमलेले कुटुंब वाचकास एकत्र दिसत नाही. कर्महीन ‘खाणे’ला तर नोंदीसाठी नामच नाही. मराठी विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील असे कर्महीन प्रयोग प्रसंग, स्थळ आणि बोलणाऱ्याचे नाते यांसह टिपून ठेवावेत, अशी सूचना यंदा प्रथम वर्षाच्या वर्गात केली. पहिल्या पंधरवड्यात आलेल्या बावन्न कार्डांपैकी तेरा कार्डे एकट्या ‘घेणे’ची निघाली, त्यांचा विचार स्वतंत्र लेखात करावा लागेल. उत्तरपत्रिकेतील ‘पैसे खाल्ले’ या शब्दांखाली लेखिका आता तांबडी रेघ ओढीत नाही. समासात प्रश्न लिहिते : कोणाचे? कोणी दिलेले? की दिलेलेच नव्हते?